रायफल घेण्याआधी एक भोक पाडलेलं पोस्टकार्ड

पत्र असं आहे:

«नमस्कार ताई. मी सिंहगड रस्त्याला राहतो, वय ४७, एका कंपनीत अकाउंट्स बघतो. ऑगस्ट २०२४ मध्ये ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेला ब्राँझ मिळालं तेव्हापासून नेमबाजी डोक्यातून जात नाही. लहानपणी जत्रेत छर्ऱ्याच्या बंदुकीनं फुगे फोडले, तेवढाच अनुभव. आता साठ हजार बाजूला काढलेत. एका दुकानात ०.२२ ची एअर रायफल आणि ३-९×४० स्कोप असा कॉम्बो दाखवला. वेग बाराशे फूट, म्हणाले. स्वप्निलच्या रायफलवर होता तसाच स्कोप आहे असंही म्हणाले. घेऊ का? ०.२२ बरी की ०.१७७? स्प्रिंगची की हवेच्या टाकीची? स्कोप किती पॉवरचा? लायसन लागतं का? गच्चीवर सराव चालेल का? मुलगा नववीत आहे, तोही शिकतो म्हणतो. बायको मात्र 'घरात बंदूक नको' यावर ठाम आहे. — एक हौशी, पुणे»

नमस्कार.

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करते, कारण तुमचे साठ हजार त्याच्यावरच उभे आहेत. स्वप्निलच्या रायफलवर स्कोप नव्हता. टीव्हीवर डोळ्यापाशी जी काळी डबी दिसते तिला डायॉप्टर म्हणतात, नेमबाजीच्या रेंजवर सगळे नुसतं 'पीप' म्हणतात. ती लांबचं जवळ आणत नाही. तिच्यात एक बारीक भोक असतं. नळीच्या टोकाला एक कडं असतं. भोकातून कडं बघायचं आणि कड्याच्या बरोबर मध्ये लक्ष्याचा काळा गोल बसवायचा, एवढीच यंत्रणा. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालतच नाही, मग ती १० मीटर एअर रायफल असो की स्वप्निलचा ५० मीटर थ्री पोझिशन. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून, स्वप्निलनं फायनलमध्ये ४५१.४ गुण मिळवले ते त्या भोकातून बघून.

मग स्कोप लागतो कुठं? बेंचरेस्टमध्ये लागतो. तिथं टेबलावर वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून एकाच भोकात छर्रे घालायचा प्रयत्न असतो. फील्ड टार्गेटमध्ये लागतो. तिथं मोकळ्या जागेत वेगवेगळ्या अंतरांवर लोखंडी लक्ष्यं मांडलेली असतात. आणि शनिवार-रविवारी शांतपणे कागदावर ग्रुप, म्हणजे भोकांचा दाट झुपका, काढत बसायला आवडणारेही पुष्कळ आहेत. यातलं काहीही कमअस्सल नाही. पण उभं राहून १० मीटर मारणं आणि टेकवून स्कोपमधून मारणं हे दोन वेगळे खेळ आहेत, बॅडमिंटन आणि टेनिसइतके वेगळे. दोन्हींची रायफल वेगळी. 'कोणती रायफल घेऊ' याच्या आधीचा प्रश्न 'मला कोणता खेळ आवडेल' हा आहे, आणि त्याचं उत्तर दुकानात मिळत नाही.

आता त्या कॉम्बोबद्दल. तो घेऊ नका. कारण सांगते, कारणाशिवाय 'घेऊ नका' म्हणणं बरं नाही.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू आहेत. ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) आणि २० जूलपर्यंत शक्तीची एअर रायफल असेल तर परवाना लागत नाही. बोअर त्याहून मोठा किंवा शक्ती त्याहून जास्त असेल तर लागतो. तुम्हाला दाखवलेली ०.२२ ची एअर रायफल इथंच बाद होते. शिवाय स्वप्निलची ०.२२ आणि दुकानातली ०.२२ यांत नावाखेरीज काही सारखं नाही. त्याची काडतुसाची, बारूदवाली रायफल. तुमच्या समोर ठेवली ती छर्ऱ्याची.

दुसरं, ते बाराशे फूट. सेकंदाला बाराशे फूट म्हणजे सुमारे ३६६ मीटर, आवाजाच्या वेगापेक्षाही जास्त. ०.२२ चा साधा छर्रा ०.९ ग्रॅमच्या आसपास असतो. शाळेतलं सूत्र लावा: अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. साठ जूल येतात, मर्यादेच्या तिप्पट. दावा खरा असेल तर रायफल परवान्याशिवाय घरात ठेवता येणार नाही. खोटा असेल तर उरलेल्या बोलण्यावर तरी कसा विश्वास ठेवायचा? खोक्यावरचे असे आकडे बहुतेक वेळा सगळ्यात हलका छर्रा घालून काढलेले असतात. आणि आवाजाच्या वेगाच्या जवळपास गेलेला छर्रा हवेत डळमळतो, त्यामुळे एवढा वेग खरोखर मिळाला तरी नेमाचं नुकसानच. ऑलिंपिकमधली १० मीटरची मॅच रायफल अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटरनं सोडते. आठ जूलसुद्धा होत नाहीत. तेवढ्यात अर्ध्या मिलिमीटरच्या दहाच्या ठिपक्यावर नेम लागतो. वेगाचा आकडा विचारणारं गिऱ्हाईक नवखं आहे हे दुकानदार लगेच ओळखतो. म्हणून यापुढे वेग विचारूच नका. शक्ती जूलमध्ये विचारा, ती लेखी मागा, आणि चाप किती वजनाचा आहे, म्हणजे तो ओढायला किती जोर लागतो, ते विचारा.

काडतुसाच्या ०.२२ चा मोह आत्ता बाजूला ठेवा. तिला परवाना लागतोच. पुणे शहरात तो पोलीस आयुक्तालयातून मिळतो, पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. पुढे ५० मीटरकडे वळावंसं वाटलं तर क्लबमध्ये नाव घालून, स्पर्धांत गुण नोंदवून त्या वाटेनं जायचं. पहिल्या वर्षात त्याची गरज नाही.

आता पोस्टकार्ड. तुमचं वय ४७ वाचल्यावर मला रायफलच्या आधी तुमचे डोळे आठवले. या वयात जवळचं धूसर व्हायला लागतं. पेपर वाचायला चष्मा लागत असेल तर आज एवढं करा: एका जाड कार्डाला टाचणीनं भोक पाडा, साधारण एक मिलिमीटरचं. चष्मा काढा. पेपर जिथं वाचता येत नाही इतका जवळ धरा, चांगल्या उजेडात, आणि कार्ड डोळ्याला लावून त्या भोकातून बघा. अक्षरं उजळ नाही, पण स्वच्छ दिसतील. बारीक भोकातून आलेले किरण जवळच्या आणि लांबच्या दोन्ही वस्तू बऱ्यापैकी स्पष्ट दाखवतात. डायॉप्टर याच तत्त्वावर चालतो. त्यामुळे चाळिशी लागलेला माणूस पीपवर मारू शकणार नाही, हे खरं नाही. उलट उघड्या साध्या माशीवर, म्हणजे जत्रेतल्या बंदुकीला असते तशा खाचेवर आणि दांडीवर, मारणं त्याला सगळ्यात जड जातं. खाच, दांडी आणि लक्ष्य तीन वेगवेगळ्या अंतरांवर असतात आणि डोळा एकावरच स्थिर होतो.

एक खबरदारी मात्र. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर रायफल गालाला लावल्यावर तुम्ही काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बघता. तिथला नंबर वेगळाच असतो. रेंजवर गेल्यावर पहिल्याच दिवशी प्रशिक्षकाला हे सांगा. नेमबाजांसाठी वेगळी फ्रेम मिळते, तिच्यात एकच गोल भिंग डोळ्यासमोर सरळ बसवता येतं. आणि डोळ्यांचा त्रास खरंच जास्त असेल तर स्कोप हा उत्तम मार्ग आहे. स्कोपमध्ये फुली आणि लक्ष्य एकाच पातळीवर दिसतात, डोळ्याला कसरत करावी लागत नाही.

डोळ्यांचंच आणखी एक. हात लांब करून अंगठा समोरच्या दिव्यावर धरा, दोन्ही डोळे उघडे ठेवून. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं बघताना अंगठा दिव्यावरून हलत नाही तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा मुख्य असू शकतो. मुलाचंही आजच तपासा. त्याचा डोळा डावा निघाला तर सुरुवातीपासूनच डाव्या खांद्यावरून शिकवणं सोपं जातं. तीन वर्षांनी खांदा बदलायचा म्हणजे सगळं नव्यानं.

आता रेंज. तुमच्या घरून बायपासनं वारजे, चांदणी चौक ओलांडलात की बालेवाडी. तिथलं शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं. मध्य रेल्वेत पुण्याला टीसीची नोकरी करता करता स्वप्निलनं तिथंच सराव केला. तिथं नाही जमलं तर शहरात १० मीटरच्या खासगी रेंज आहेत. आठवड्यातून दोन दिवस, तीन महिने. रायफल रेंजची, छर्रे तुमचे. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि सपाट तळव्याचे बूट घालून जा, मऊ गुबगुबीत तळव्याचे स्पोर्ट्स शूज नकोत, त्यांत अंग झुलतं.

पहिल्या दिवशी काय होईल ते सांगते. चार-साडेचार किलोची रायफल हातात येईल. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायला सांगतील. पाठ थोडी मागे, वजन स्नायूंवर न घेता हाडांवर. पीपमधून बघाल तर काळा गोल कड्यात थांबतच नाही, पाण्यावरच्या होडीसारखा डोलत राहतो. तुम्हाला वाटेल हात कच्चे आहेत. तसं नसतं, सगळ्यांचाच डोलतो, मुरलेल्यांचा कमी डोलतो एवढंच. तो पूर्ण थांबायची वाट बघत बसलात की श्वास संपतो, डोळा थकतो आणि बोट झटका देतं. डोलणं चालू असतानाच चापावरचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा आणि छर्रा सुटल्यावरही क्षणभर तसंच बघत राहायचं. पहिले पंधरा दिवस शिकायचं ते एवढंच. मॅच रायफलचा चाप शंभर ग्रॅमच्या आसपासही ठेवता येतो. स्वस्त कॉम्बोचा दीड-दोन किलोचा सहज असतो. ज्यानं आधी हलक्या चापावर शिकून घेतलं त्याला पुढे जड चाप समजून घेता येतो. उलट्या दिशेनं शिकणाऱ्याची झटका मारायची सवय वर्षानुवर्षं जात नाही.

तीन महिन्यांनी तुम्हाला कळलेलं असेल. उभं राहायला आवडलं, पाठीनं साथ दिली, तर वाट १० मीटरची. पाठ कुरकुरली, पण टेकवून एकेक छर्रा जुळवण्यात मन रमलं, तर वाट स्कोपची.

१० मीटरची वाट धरलीत तर स्कोप विसरा, आणि साठ हजारांत नवी जर्मन मॅच रायफलही विसरा. वाल्थर, फाइनवेर्कबाउ, आन्शुट्झ यांच्या नव्या रायफल आपल्याकडे येईपर्यंत लाखांत जातात. क्लबची रायफल वापरत राहा आणि पैसे घाला जॅकेटवर. कॅनव्हासचं कडक जॅकेट तुमच्या मापाचं शिवून घेतलंत की कमरेला आणि पाठीला आधार मिळतो, आणि ते पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतं. पुढे मॅच रायफल जुनी घ्या. जुनी घेताना सगळे नळी बघतात. तुम्ही आधी हवेचा सिलिंडर बघा, त्याच्यावर तयार केल्याची तारीख कोरलेली असते. कंपन्या सिलिंडरला आयुष्य ठरवून देतात, बहुतेक ठिकाणी दहा वर्षं. तारीख उलटली असेल तर नव्या सिलिंडरचा खर्च किमतीतून वजा करा. मग रायफल टेबलावर टेकवून दहा छर्रे मारून बघा. एकच फाटकं भोक पडलं पाहिजे. पसरली तर विकणारा कितीही गोड बोलला तरी हात जोडून परत या.

स्कोपची वाट धरलीत तर बोलायला जास्त आहे. यातलं बरंच मी स्वतः ठेच खाऊन शिकले.

माझी पहिली रायफल स्प्रिंगची होती, नळी मोडून भरायची, वर कॉम्बोमधला स्कोप. पहिले तीनेकशे छर्रे मजेत गेले. मग ग्रुप सरकायला लागला. आज डावीकडे, उद्या खाली. मी स्कोपच्या चकत्या फिरवत बसले, दोन महिने. चाप चुकतोय, श्वास चुकतोय, मन नाही लागत, सगळे दोष स्वतःला लावून झाले. शेवटी रेंजवरच्या एका ज्येष्ठ काकांनी रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवली, पाच मारले, काही न बोलता स्कोप उतरवला आणि माझ्या कानाशी धरून हळूच हलवला. आत काहीतरी वाजत होतं. औषधाच्या बाटलीत एकच गोळी उरल्यावर वाजते तसं. त्या दिवशी घरी जाताना मला रडू आलं होतं, कारण दोन महिने मी माझ्या हातांवर अविश्वास दाखवला होता आणि दोष हातांचा नव्हताच.

असं का होतं ते समजून घ्या. स्प्रिंगच्या रायफलमध्ये चाप ओढला की जड दट्ट्या पुढे धावतो, म्हणून रायफल मागे सरकते. दट्ट्या टोकाला जाऊन आदळतो, तेव्हा रायफल पुढे हिसका खाते. छर्रा नळीबाहेर पडण्याआधी असे दोन उलटसुलट धक्के. काडतुसाच्या रायफलसाठी केलेले स्कोप मागच्या धक्क्याचा हिशेब धरून बनवलेले असतात. पुढचा हिसका त्यांची भिंगं आणि फुली ढिली करतो. म्हणून मोठ्या रायफलला चालणारा महाग स्कोपही स्प्रिंगवर मोडू शकतो. स्प्रिंगसाठी घेत असाल तर स्कोप एअर रायफलसाठीच बनवलेला हवा, आणि माउंट, म्हणजे स्कोप रायफलवर पकडणारा जोड, एकसंध हवा, खाली अडकवायची पिन असलेला. नाहीतर माउंटच खाचेवरून हळूहळू सरकत जातो. बहुतेक एअर रायफलवरची खाच ११ मिलिमीटरची असते. माउंट त्याच मापाचा आहे ना, एवढं दुकानात बसवूनच बघा.

याच दोन धक्क्यांमुळे स्प्रिंगची रायफल घट्ट आवळून धरली की ग्रुप पसरतो. ती तळहातावर नुसती ठेवायची असते, दर वेळी त्याच जागी, तितकीच सैल. स्वस्त म्हणून नवशिक्याला स्प्रिंगची देतात, पण नेमकी मारायला ती सगळ्यात अवघड आहे. माझं मत स्पष्ट आहे: तुम्हाला स्कोपची वाट आवडली आणि क्लबमध्ये हवा भरायची सोय असेल तर टाकीची, म्हणजे पीसीपी घ्या. ०.१७७, वीस जूलच्या पुष्कळ आत. धक्का जवळजवळ नाही, त्यामुळे चूक कुणाची ते कागदावर स्वच्छ दिसतं. सोय नसेल तर हातपंपानं दोनशे बार दाबापर्यंत भरायची तयारी हवी. मेहनतीचं काम आहे, शेवटच्या काही दाबांना अंगाचं सगळं वजन टाकावं लागतं. टाकीत फक्त स्वच्छ, कोरडी हवा. ऑक्सिजन कधीही नाही. तेलाचा अंश आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

स्कोपची पॉवर तुम्ही विचारलीत, पण पॉवर ही त्यातली कमी महत्त्वाची गोष्ट आहे. १० ते २५ मीटरला ३-९×४० पुरतो, म्हणजे तीन ते नऊ पट, पुढचं भिंग ४० मिलिमीटर. मोठ्या पॉवरमध्ये लक्ष्याइतकंच डोलणंही मोठं दिसतं आणि नवखा माणूस घाबरून चाप खेचतो. महत्त्वाचा आहे पॅरॅलॅक्स. साधे स्कोप शंभर यार्डांसाठी जुळवलेले असतात. दहा मीटरवर त्यांची फुली लक्ष्यावर चिकटल्यासारखी राहत नाही, डोळा हलला की सरकते. बोट डोळ्यांसमोर धरून एकदा डाव्या, एकदा उजव्या डोळ्यानं बघितलं की मागच्या खिडकीवरून बोट उडी मारतं, तसंच. दुकानात हे करा: स्कोप टेकवून ठेवा, हात लावू नका, दहा मीटरवरच्या एखाद्या ठिपक्यावर फुली आणा आणि फक्त डोकं वरखाली, डावीउजवीकडे थोडं हलवा. फुली ठिपक्यावरून सरकली तर तो स्कोप तुमच्या कामाचा नाही. पुढच्या भिंगाजवळ किंवा बाजूला अंतर जुळवायची चकती असलेला, दहा यार्डांपर्यंत खाली येणारा स्कोप मागा. साठ हजारांतले दहा-पंधरा स्कोप आणि माउंटसाठी ठेवा, बाकीचे रायफल, छर्रे आणि शिकण्यासाठी.

बसवल्यावर झीरो करायचं, म्हणजे फुली जिथं तिथंच छर्रा पडेल असं जुळवायचं. चकतीवर एका क्लिकला पाव इंच लिहिलेलं असतं, ते शंभर यार्डांवरचं. दहा मीटरवर तेच क्लिक सुमारे ०.७ मिलिमीटर होतं. ग्रुप दोन सेंटीमीटर डावीकडे पडत असेल तर अठ्ठावीस-एकोणतीस क्लिक फिरवावे लागतील. नवखी माणसं चार क्लिक फिरवून 'स्कोप बिघडलाय' म्हणतात. आणि पाच छर्ऱ्यांचा ग्रुप पडल्याशिवाय चकतीला हात लावायचा नाही, एका छर्ऱ्यावरून कधीच नाही. आणखी एक गंमत ध्यानात ठेवा. स्कोप नळीच्या चारेक सेंटीमीटर वर असतो, म्हणून नळीचं तोंड किंचित वर राहतं. दहा मीटरला झीरो केलेली रायफल पाच मीटरला खाली मारते, आणि पंचवीस मीटरला चक्क वर, दोनेक सेंटीमीटर. चुकलं असं समजून लगेच चकती फिरवू नका. प्रत्येक अंतराचा आकडा वहीत लिहा. हिशेबाची सवय तुम्हाला आहेच.

छर्रे सपाट तोंडाचे घ्या, कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं. तीन-चार प्रकारच्या डब्या आणून टेकवून मारून बघा. एकाच मापाच्या छर्ऱ्यांतही रायफलची आवडनिवड असते आणि ती किमतीवर ठरत नाही. छर्रा तळहातावर घेऊन मागचा घेर बघा, परकराच्या घेरासारखा पातळ असतो. चेपलेला असेल तर बाजूला टाका. शिसं आहे ते. साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, मुलालाही ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

गच्चीबद्दल: नाही. छर्रा दोनशे मीटरच्या पुढेही जाऊ शकतो आणि डोळा फोडायला त्याला फारशी ताकद उरावी लागत नाही. सिंहगड रस्त्याला गच्चीवरून दोनशे मीटरात किती खिडक्या, किती दोरीवरचे कपडे, किती मुलं येतात ते एकदा उभं राहून बघा. पाण्याच्या टाकीवर बसलेल्या कबुतराचा विचारही नको. घरी सराव करायचा तो कोरडा. मोकळ्या भिंतीसमोर उभं राहायचं, मॅच रायफलला ड्राय फायरची, म्हणजे छर्रा न घालता चाप ओढायची, सोय असते, ती वापरून नुसतं रायफल स्थिर धरणं आणि चाप. स्प्रिंगची रायफल मात्र रिकामी कधी उडवू नका, दट्ट्या आदळून आतून खराब होते.

आणि तुमच्या पत्नी. त्यांचं म्हणणं मला पटतं. घरात नववीतला मुलगा आहे, त्याचे मित्र येणार, कुणीतरी 'दाखव ना' म्हणणार. रायफल कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात, चावी तुमच्याकडे आणि त्यांच्याकडे, मुलाकडे नाही. हे कबूल करूनच घरात आणा. नळीत कायम रंगीत सेफ्टी फ्लॅग, ने-आण बंद बॅगेतून. पण त्याआधी त्यांना एकदा रेंजवर घेऊन जा. कमांड मिळाल्याशिवाय कुणी रायफलला हात लावत नाही, पुढे कुणी गेलं की सगळे मागे सरकतात, कुणाचं बोट विनाकारण चापावर जात नाही. हे डोळ्यांनी बघितलं की 'बंदूक' या शब्दाची भीती निम्मी होते. आणि त्यांनाही एकदा रायफल हातात घेऊ द्या. हा खेळ आपल्याकडे बायकांनी मोठा केलाय. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये १० मीटरच्या फायनलला पोचल्या, कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, जगज्जेती झाली. तुमच्या घरात सगळ्यात स्थिर हात कुणाचा निघेल सांगता येत नाही.

मुलासाठी वेगळी रायफल लगेच नको. त्याची उंची अजून वाढतेय, दस्त्याची लांबी दर सहा महिन्यांनी बदलावी लागेल. रेंजवर कमीजास्त होणाऱ्या दस्त्याच्या हलक्या रायफल असतात, त्यावर शिकू दे. मोठ्यांची साडेचार किलोची रायफल एकदम तासभर पेलायला लावू नका, पाठ धरते.

येत्या रविवारी रेंजवर जाऊन चौकशी करून या. पहिल्या दिवशीचा कागद, भोकं कशीही पडली असली तरी, तारीख घालून जपून ठेवा. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी एक, आणि मागे दोन ओळी: पाठ दुखली का, डोळा थकला का, उभं राहून बरं वाटलं की टेकवून. तीन महिन्यांनी ते सहा-सात कागद मला पाठवा. रायफलचं नाव आपण तेव्हा ठरवू.